पाळण्याची दुसरी ओळ

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा दैवशाला मिरचीच्या प्लॉटवर होती. पांढऱ्या जाळीखाली बायका ओळीनं बसलेल्या. कळी उकलायची, तिला पराग लावायचा, देठाला लाल दोरा बांधायचा, की पुढची कळी. बियाण्याचं काम. घाई केली तर कळी मोडते, म्हणून तिथं बायका गातात. गाण्यानं हात बेतात राहतो.

"ताई, उद्या बारशाला या बरं का," वंदनाबाई नवीन जालन्याहून बोलत होत्या. "सगळी तयारी बराबर झालीय. फक्त तुमचा तो पाळणा नका म्हणू. लेकरं भितेत. गल्लीतल्या बायकाबी म्हणून राह्यल्या, शुभ कामात ते पिक्चरातलं कशाला. अन् नाव ठेवायला उषाला सांगितलंय. कल्याणरावांची चुलत बहीणच की. आत्या ती आत्याच."

"कल्याणला ठावं हे का ही गोष्ट?"

"त्यांनीच तर चालंल म्हणले."

दैवशालाच्या हातातली कळी मोडली. सकाळपासून एक मोडली नव्हती.

कल्याण तिचा धाकटा भाऊ, सतरा वर्षांनी धाकटा. तो झाला आणि आई आठवड्यात गेली. त्याला दैवशालानं कडेवर वाढवलं, शिकवलं, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला तेव्हा जाफराबादच्या स्टँडवर त्याचा डबा धरून उभी राहिली. त्याला आता मुलगी झाली होती, त्याच्या बायकोच्या, शीतलच्या माहेरी, आणि बाराव्या दिवशी तिच्या कानात नाव सांगण्याचा मान कुणाचा, हे विचारायचीसुद्धा गोष्ट नव्हती.

त्या मानाचाच तो पाळणा होता. तिची आत्या दुर्गाबाई हिनं तो तिला दिला. दुर्गाबाईला तिच्या आत्यानं. त्याची रीत अशी की आत्यानं झबलं-टोपडं घेऊन उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि गाऊन विचारायचं. आतल्या बायकांनी गाऊन उत्तर द्यायचं. तीन प्रश्न, तीन उत्तरं, मग दार उघडायचं. गावात कुणाला सख्खी आत्या नसली, किंवा असून गळा नसला, तर दैवशालाला बोलावणं यायचं. तीस वर्षं ती दारोदार आत्या होऊन उभी राहिली होती.

मग दोन वर्षांखाली तो अद्वैत आला. जालन्याचाच पोरगा, पुण्यात शिकलेला, लांब दांडीचा माइक, गोड जीभ. "मावशी, ही गाणी जपून ठेवायचीत. नाहीतर तुमच्याबरोबर जातील." शब्द कडू होते पण खोटे नव्हते. तिनं म्हशीला बाहेर बांधलं, कोंबड्या डालल्या, पंखा बंद केला आणि घामाघूम होऊन पाळणा म्हटला. प्रश्नही तिनं म्हटले, उत्तरंही तिनंच, कारण आत दुसरं कुणी नव्हतं.

ते जपणं असं निघालं. त्याचा भुताचा पिक्चर आला, घराघरांतल्या मोबाइलवर पोचला, आणि त्याच्या सुरुवातीलाच काळ्याकुट्ट पडद्यावर तिचा आवाज. तिचाच, पण विहिरीच्या तळातून ओढून काढल्यासारखा. पोरं तोंडावर ओढणी घेऊन तो आवाज लावायची आणि एकमेकांना भेवडवायची. सगुणाबाईच्या नातवाच्या बारशाला तिला पुरणाचं ताट आलं, गाण्याचं बोलावणं आलं नाही. पुढच्या बारशाला तर ताटही आलं नाही. रस्त्यानं जाताना एका तान्ह्या लेकराच्या आईनं पदर ओढून लेकरू झाकलं. दैवशालानं ते बघितलं, आणि बघितलं नाही असं करून पुढं गेली.

तेवढं तिनं गिळलं होतं. पण ही तिची स्वतःची भाची होती.

"अक्का," पलीकडच्या ओळीतून सगुणाबाई हळूच म्हणाली, "तो पिक्चरवाला उद्या जालन्यात येऊन राह्यला. आमच्या पोरीच्या कॉलेजात. अकरा वाजता भाषण हे त्याचं."

दैवशालानं लाल दोरा दातानं तोडला. "बराबर. बारसं चारला हे."

*

कॉलेजच्या हॉलचे पडदे भरदिवसा ओढलेले. दैवशाला मागच्या खुर्चीवर टेकली, मांडीवर पिशवी, पिशवीत तिनं शिवलेलं पिवळं झबलं आणि गोंडे लावलेलं टोपडं. स्टेजवर अद्वैत. आता दाढी होती.

"आधी आवाज बंद करून बघा," तो मुलांना म्हणाला.

पडद्यावर एक दार, एक पाळणा. पाळणा हलतोय, हलवणारं कुणी नाही. मुलं शांत बसली. एकानं जांभई दिली.

"भीती वाटली? नाही. आता आवाजासकट."

हॉल काळोखा झाला. चित्र आलंच नाही. आधी आवाज आला.

*दारी कोण आलं बाई, पाय वाजले अंगणी…*

मग काहीच नाही. मुलांच्या खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. मग दार दिसलं.

*कडी कोण वाजवीतं, दिवा हाले कोनाड्यात…*

पुन्हा तीच पोकळी. मग पाळणा.

*कोण बसली उशाशी, काय कानात बोलती…*

कुणीतरी मुलगी किंचाळली, मग स्वतःच लाजून हसली. दिवे लागले.

"श्वास कधी रोखलात?" अद्वैतनं विचारलं.

"सर, तो दिवा हलला तेव्हा," एक पोरगा म्हणाला.

"कुठला दिवा? पडद्यावर दिवाच नाही. तो गाण्यात आहे. तो तुम्ही तुमच्या डोक्यात लावलात आणि तुम्हीच हलवलात." मुलं माना डोलवत लिहून घेऊ लागली. "सुरुवातीला भीती दाखवायची नसते. प्रेक्षकाला एक रिकामी जागा द्यायची, तो त्यात स्वतःचं भूत आणून बसवतो. मी फक्त आवाज थोडा संथ केला आणि जागा रिकामी ठेवली. बाकी आपलं एक जुनं लोकगीत आहे. गाणारी अज्ञात."

"अज्ञात?"

माना मागं वळल्या. दैवशाला उभी होती.

"अरे बाबा, दोन वर्साखाली तू माझ्या वसरीत बसून वांग्याची भाजी अन् अडीच भाकरी खाल्ली. तिखट लागली म्हणून गूळ मागितला. तवा मी दैवशाला होते. आता अज्ञात कशी झाले?"

हॉलमध्ये हशा पिकला. अद्वैतचा चेहरा आधी पडला, मग लगेच उजळला. "मावशी! मित्रांनो, हाच तो आवाज! या, वर या!"

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. तिच्या अंगाचा भडका उडाला. पदर ओढून लेकरू झाकणारी ती आई तिला बरी वाटली. ती निदान तोंडावर टाळ्या वाजवत नव्हती.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "मी नाचायला न्हाई आले. मला याला एकच इचारायचंय. दुसरी ओळ कुठं हे?"

अद्वैतनं पडद्याकडं बघितलं.

"म्या तुला सहा ओळी दिल्त्या. तीन हित्तं हेत. तीन कुठं गेल्या?"

त्यानं माइक तोंडापासून थोडा दूर धरला. खोटं मात्र तो बोलला नाही. "मावशी, त्या ठेवल्या असत्या तर भीती गेली असती. उत्तर मिळालं की माणूस सैल होतो. सगळा ताण तो कापण्यातच आहे."

"म्हणजे तुला ठावं होतं."

"काय?"

"की त्या गाण्यात भेव न्हाई. भेव तुझ्या कातरीत हे. अन् नाव झालं माझ्या गळ्याचं." ती मुलांकडं वळली. चाल न लावता, साध्या बोलण्यात, रागानं एकेक शब्द ठेवत तिनं सांगितलं. "दारी कोण आलं? आत्या आली गं तान्हीची, झबलं टोपडं घेऊनी. कडी कोण वाजवीतं? मामा आला गं तान्हीचा, वाळे घेऊन हातात. उशाशी कोण बसली? आत्या बसली उशाशी, नाव तान्हीचं ठेविती. यात भूत कुठं हे, दावा मला कुणी! बाहीरून आत्या इचारती, आतून घर उत्तर देतं. असं लेकरू घरात घेतेत आमच्यात. अन् यानं काय केलं, तर उत्तर न देणारं घर साऱ्या दुनियेला दावलं. तशी घरं भेसूरच दिसणार की रे! त्याला पिक्चर कशाला पायजे?"

कुणी हसलं नाही. मघा किंचाळलेली मुलगी वहीत बघत होती, लिहीत नव्हती. दैवशालानं पिशवी उचलली आणि निघाली.

फाटकापाशी अद्वैत धावत आला. "मावशी, ऐका ना. माझं चुकलं. पुढच्या भागात तुमचं नाव टाकू, मोठ्या अक्षरात. आणि दुसऱ्या ओळीही घेऊ. शेवटी."

"शेवटी?" ती थांबली. "अरे, ती शेवटाला यायची ओळ न्हाई. ती लगोलग यायची ओळ हे. आई हाक मारती तवा तू शेवटी ओ देतो का?"

"चला, मी गाडीनं सोडतो. कुठं जायचंय?"

"भाचीच्या बारशाला. तुझ्या गाडीतून उतरले तर म्हणतील, भूतबी संगट आणलं." आणि तिनं हात करून ऑटो थांबवली.

*

वंदनाबाईंच्या घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. कूलरची हवा जाऊ नये म्हणून दार लोटलेलं. आतून स्पीकरच्या डब्यातलं गाणं येत होतं, कुठल्याशा गुळगुळीत आवाजाचा पाळणा, मधूनच जाहिरात लागणारा. वंदनाबाईंचा आवाज त्यावर चढला, "उषा, पाळण्याजवळ ये. जल्दी करा गं, चार वाजून गेले."

दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं असतं तर उघडलं असतं. आत जाऊन भिंतीला टेकून बसता आलं असतं, ताट वाढलं गेलं असतं, ‘या ताई’ म्हटलं गेलं असतं. दैवशालानं दाराला हात लावला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात ज्या जागी उभी राहायची, तिथंच उंबऱ्याबाहेर ती उभी राहिली, पिशवीतून झबलं काढून दोन्ही हातांवर धरलं, आणि गळा मोकळा सोडला.

*दारी कोण आलं बाई, पाय वाजले अंगणी…*

आतला गलका तुटला. डब्यातलं गाणं कुणीतरी बंद केलं. कुणीतरी ‘अगं बाई’ म्हटलं, एका लेकरानं भोकाड पसरलं, आणि मग शांत झालं सगळं.

ती थांबली. दुसरी ओळ तिच्या ओठांवर होती. पण ती तिची नव्हती. ती आतल्यांची होती. आज ती दोन्हीकडून गाणार नव्हती.

शांतता लांबली. कॉलेजच्या काळोखात तिला जे वाटलं नव्हतं ते तिला या लख्ख उन्हात वाटलं. भीती. अद्वैत खोटं सांगत नव्हता. रिकामी जागा अशीच असते. तिला दिसलं की दार असंच राहील, हातांवरचं झबलं असंच राहील, आणि आपला आवाज कायमचा दाराबाहेरचा होऊन जाईल. पाय मागं वळू बघत होते. तिनं ते रागानं जमिनीत रोवले.

आणि आतून उत्तर आलं. बाईचं नव्हे. घोगरं, बेसूर, मिलच्या गोंगाटावर ओरडून ओरडून फाटलेलं.

"आत्या आली गं तान्हीची… झबलं टोपडं घेऊनी…"

कुणीतरी खुदकन हसलं. बापई माणूस पाळणा गातोय! कल्याण मात्र थांबला नाही. ओळ संपवून त्यानं ती पुन्हा म्हटली, आणि दुसऱ्यांदा त्याच्या आवाजाला शीतलचा बारीक, बाळंतिणीचा आवाज येऊन मिळाला.

दैवशालाच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण तिनं रीत मोडली नाही. दुसरा प्रश्न विचारला. कडी कोण वाजवीतं. या वेळी आतून चार-पाच गळे आले. कुठल्या कोपऱ्यातल्या म्हातारीला ही चाल आठवली होती, तिनं बाकीच्यांना ओढत नेलं, आणि वाळ्यांचं नाव निघताच शीतलच्या भावानं खरंच वाळे वाजवून दाखवले. तिसऱ्या प्रश्नाला तर शब्द न येणाऱ्याही नुसत्या सुरात सूर मिसळत होत्या.

दार कल्याणनं उघडलं. मान खाली. "अक्का, मी… त्याहिच्या घरचं काम हे म्हणून मी नुसतं चालंल म्हणलं."

"ठावं हे मला तू काय म्हणला ते," दैवशाला म्हणाली. "ते आपण घरी गेल्यावर बोलू. आता सरक."

वंदनाबाई भाकरतुकडा घेऊन पुढं आल्या. ओवाळताना त्यांचा हात जरा जास्तच घाईत होता. "आमाला काय ठावं ताई, त्याला पुढची ओळबी हे म्हणून. पिक्चरात तर…"

"मला इचारायचं होतं, वंदनाबाई. पिक्चरला काय इचारता?"

उषा पाळण्यापासून केव्हाच बाजूला झाली होती. तिनं हसून खूण केली, या. पिवळ्या टोपड्याचे गोंडे तान्हीच्या कपाळावर आले. दैवशाला उशाशी बसली. खोलीतली सगळी लेकरं, मघा रडलेलं ते सुद्धा, पाळण्याच्या कडेला हनुवट्या टेकून बघत होती, ही आता कानात काय बोलते ते.

ती वाकली. त्या इवल्या कानाशी तोंड नेऊन तिनं आधी कुर्र केलं, आणि मग शीतल आणि कल्याणनं ठरवलेलं नाव, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं सांगितलं.