व्हर्नाची लाल गाडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, बशीएवढी, मधोमध मोठं भोक असलेली. माझ्या अंगावर जेमतेम दोन मिनिटांचं गाणं कोरलेलं आहे. पण १९६३च्या उन्हाळ्यात त्याने सगळ्या कॅलिफोर्नियाला डोलायला लावलं होतं.

ते गाणं एका लाल हॉट रॉडचं, म्हणजे वेगासाठी घरीच बदललेल्या जुन्या गाडीचं. बेकर्सफील्डच्या व्हर्ना लिंडक्विस्टने भंगारातली जुनी फोर्ड उचलली, छप्पर कापून तिला बुटकं केलं आणि तिच्यात भलंथोरलं इंजिन बसवलं. धाकटा भाऊ गस गिटार घेऊन शेजारी बसायचा. "नुसतं काय टुणटुण करतोस? पाना दे इकडे!" ती खेकसायची. पाना देता देताच त्याने गाणं रचलं.

हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रण ठरलं. निर्माता म्हणाला, "इंजिनाचा आवाज आपण ढोलावर काढू." व्हर्नाला ते पटेना. तिने गाडी मागच्या गल्लीत आणली, माइक धुराच्या नळीपाशी धरायला लावला आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. काचा थरथरल्या.

"बापरे! गस, ही गाडी तू बनवलीस?" निर्मात्याने विचारलं.

"याने? याला चाक बदलता येत नाही अजून," व्हर्ना म्हणाली.

"खरंय," गस हसला. "मी आपला नुसता गातो."

अशी मी जन्मले. हॅम्बर्गरच्या दुकानांसमोर उभ्या गाड्यांच्या रेडिओंतून एकच गाणं ऐकू येई. चाकांचे बूट घालून ट्रे नेणाऱ्या मुली त्याच्या ठेक्यावर गिरक्या घेत. मला वाटे, जगात आपल्यासारखं कोणी नाही.

मग लॉनी टब्सचा अपघात झाला. सतरा वर्षांचा तो पोरगा कालव्याच्या रस्त्यावर मित्राशी शर्यत लावत होता. रेडिओवर माझंच गाणं चालू होतं. वळणावर गाडी थांबलीच नाही. ती कालव्यात पडली. लॉनी वाचला, पण पाय मोडला.

"मी हे गाणं पुन्हा गाणार नाही," गस म्हणाला. त्याने गिटार पेटीत ठेवली. मीही फळीवर गेले.

व्हर्ना मात्र दवाखान्यात गेली. परत आली ती रागावूनच. "पोराने नवं इंजिन बसवलं आणि ब्रेक ठेवले जुनेच! तू गायचं सोडलंस म्हणून त्याची गाडी थांबणार होती का रे?"

"मग मी करू तरी काय?"

"शनिवारी इथे दारात बसून गा. पोरं तुला ऐकायला येतील. मी त्यांच्या गाड्यांखाली शिरते."

पोरं खरंच आली. गस गात असे, आणि व्हर्ना गाडीखालून ओरडे, "ही कोणाची गाडी? ब्रेक आहेत की शोभेच्या वस्तू?" सगळे खो खो हसत, मग मुकाट्याने पाने उचलत. पुढे तिने शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाकडे, इतके खेटे घातले, की त्याने कंटाळून गावाबाहेरची विमानांची बंद धावपट्टी शर्यतींसाठी मोकळी करून दिली. पहिल्या शर्यतीला निशाण दाखवलं ते कुबड्या घेतलेल्या लॉनीने. त्या दिवशी गसचा आवाज असा लागला, की मला माझाच हेवा वाटला.

पुढे नवी गाणी आली, मी खोक्यात गेले. माझ्यावर धूळ बसली, ओरखडे उठले. गस आता नाही. व्हर्ना ऐंशी ओलांडून गेली आहे. तिला वाकवत नाही.

परवा लॉनी आपल्या नातीला, जोलीनला, घेऊन व्हर्नाकडे आला. तिला नुकतीच जुनी गाडी मिळाली होती. व्हर्नाने खुर्ची अंगणात मांडली. "हं, शीर खाली. काय दिसतंय ते मोठ्याने सांग."

जोलीन गाडीखाली शिरली. लॉनीने मला खोक्यातून काढलं, मऊ फडक्याने पुसलं आणि लावलं. मी खरखरत गाऊ लागले.

"आजोबा, गाणं झकास आहे, पण खरखरतंय किती!" खालून आवाज आला.

"आम्ही जपलं नाही गं नीट," लॉनी म्हणाला.

मित्रांनो, जुन्या तबकड्या उन्हात टाकू नका, त्यांच्यावर बोटं घासू नका. आणि घरात व्हर्नासारखं कोणी असेल, तर त्यांच्याजवळचं सगळं आत्ताच शिकून घ्या. मला नवी सुई लावली की मी पुन्हा गाईन. त्यांचं तसं नाही.