परळच्या चर्चबाहेरचा फळा

मित्रांनो, परळच्या एका मराठी चर्चच्या भिंतीवर टांगलेला मी एक जुना फळा आहे. माझ्या अंगाचे पोपडे निघालेत, चौकट खिळखिळी झाली आहे, आणि खरं सांगायचं तर माणसांची अक्षरं वाहून मी दमलो आहे. शाळेतल्या फळ्याचं बरं असतं. त्याच्यावर पाढा चुकला तर पुसता येतो. माझ्यावर शांतवन मास्तर देवाबद्दल लिहीत.

रामजी सुताराने चर्चचं मोडकं दार तासून मला घडवलं आणि वर काळा रंग चढवला. "देव कुणाचा का असंना, काम चोख पायजे," असं तो म्हणे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मास्तर चर्चच्याच शाळेत शिकवत. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते मला ओल्या फडक्याने पुसत आणि गल्लीत किंवा वर्तमानपत्रात पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर चिंतन लिहीत. एकदा त्यांनी लिहिलं, 'आज नळावर भांडण जुंपलं, तरी आजारी शेजारणीचा हंडा सगळ्यांनी आधी भरू दिला. देवाचं राज्य त्याच रांगेत उभं होतं.' गिरणीची पाळी सुटली की समोरच्या चाळीतले कामगार थांबून वाचत. बहुतेक कोकणातले हिंदू. ख्रिस्ती घरचा चहा त्यांच्यातल्या काहींना चालत नसे, माझी अक्षरं मात्र चालत! त्याच चाळीतल्या गंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिचा मुलगा कोंडीराम तिला मोठ्याने वाचून दाखवी. दोघं हसत हसत घरी जात. मला फार अभिमान वाटे.

मग छप्पन साल उजाडलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून गल्ली पेटून उठली. कोंडीराम मोर्च्याला गेला आणि पोलिसांच्या गोळीने गेला.

त्या संध्याकाळी मास्तर खडू घेऊन माझ्यासमोर आले. काही न लिहिता राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'ज्यांनी गोळी झाडली, त्यांनाही आपण क्षमा करू या.' अक्षर नेहमीसारखंच सुंदर होतं. मला तेव्हाही ते जड वाटलं, पण फळ्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी शेजारणीने ते वाचून सांगितलं, तशी गंगूबाई मोकळ्या केसांनीच खाली आली. मास्तर चर्चच्या दारातच होते.

"मास्तर, माझ्या झिलाक मारल्यानी," ती म्हणाली. "माफी मागूक कोण इलो होतो? आणि माझ्या वतीन देणारे तुमी कोण? आधी माका तरी इचारूचा!"

 ती गेल्यावर मास्तरांनी फडकं न भिजवता हातानेच ती ओळ पुसली. गंगूबाई आता आपल्याला कधी दारात उभं करील का, याच विचाराने ते दोन दिवस झुरत राहिले. चर्चचे पंच म्हणाले, "अहो मास्तर, फळा कोरा बरा दिसत नाही." मास्तर म्हणाले, "माझीच पाटी कोरी झाली आहे."

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. मास्तरांची बायको सुभद्रा पिठलं-भाकरी घेऊन निघाली, तसे मास्तरही मागोमाग गेले. ख्रिस्ती घरचं अन्न! चाळीचा जिना श्वास रोखून बघत होता. गंगूबाईने ताटाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "ठेव गो सुभद्रा." मास्तर उंबऱ्यापाशी बसले. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही, उपदेश केला नाही. नुसते रडले. हे सगळं सुभद्रा दुसऱ्या बाईला सांगत होती, तेव्हा मला ऐकू आलं.

पुढे मास्तर पुन्हा लिहू लागले, पण थोडं. साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. गल्लीत दिवे लागले, पेढे वाटले. सगळे म्हणाले, "मास्तर, आज झकास काहीतरी लिहा!" मास्तर खडू घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि गंगूबाईला हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आले.

"मावशी, आज काय लिहू?"

तिने दिव्यांकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले. "लिवा," ती म्हणाली, "माफी मागूक अजून कोण येवक नाय. इलो तर दार उघडा आसा."

मास्तरांनी तिचेच शब्द लिहिले. माझ्यावर तेवढं मोठं चिंतन पुन्हा कुणी लिहिलं नाही.

मित्रांनो, मला आता वाळवी लागली आहे. रंग द्या, नाहीतर सरपणात घाला, माझी तक्रार नाही. पण फळे सगळीकडे आहेत आणि खडूही स्वस्त आहे. कुणाच्या दुःखावर चार शहाणे शब्द लिहायचा मोह झाला, तर आधी त्याच्या घरी जा आणि उंबऱ्यापाशी जरा बसा.