पाणवठ्याची खेप

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची शिसारी आली आहे. आत्मवृत्तात गोड बोलायचं असतं म्हणे. ते काही माझ्याच्याने होणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकाचक होतो. वाटलं, शहरात मिरवीन. पाठवलं कुठे, तर शेवटचं गाव मागे टाकून अर्धा दिवस रस्ता कापावा तेव्हा लागणाऱ्या या राष्ट्रीय उद्यानात! उन्हाळ्यात ओढे आटले की विहिरीवर टाकी भरायची आणि रानातल्या सिमेंटच्या पाणवठ्यात ओतायची, हे माझं काम. पाईप सोडला की झाडीतून आधी कान दिसायचे, मग नाकं. आमचे ड्रायव्हर तात्या मला थोपटून म्हणायचे, "बघ रे गड्या, आली तुझी लेकरं." खरं सांगतो, टाकी रिकामी व्हायची आणि माझं पोट भरायचं.

मग नवे साहेब आले. त्यांनी विश्रामगृहापुढे हिरवळ लावली. त्या वर्षी ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि विहिरीत दिवसाला जेमतेम एका खेपेचं पाणी साठायचं. आम्ही भरून निघणार, तोच साहेब आडवे आले.

"तात्या, पाणी इकडे सोडा. पाहुणे येताहेत."

"साहेब, पाणवठा कोरडा पडलाय. हरणं चिखल चाटताहेत हो."

"जनावरांना सवय असते. पाहुण्यांना नसते."

तात्यांनी हात जोडले, पण हुकमापुढे कुणाचं चालतं? पाहुणे आठवडाभर राहिले. रोजची खेप हिरवळीने प्यायली, उरलेल्या पाण्यात गाड्या धुतल्या. शी!

त्यांच्या शेवटच्या दिवशी तात्या कुणालाही न विचारता मला घेऊन पाणवठ्याकडे सुटले. पोचलो, तर एक गाभण हरणी चिखलात रुतून मेलेली. डोळ्यांवर माश्या. तात्या उतरून टोपीने त्या माश्या हाकलू लागले.

मागोमाग साहेबांची जीप आली. साहेब उतरले ते नाकाला रुमाल लावूनच.

"हे उचला आधी. टँकर आणलाच आहे, तर जागा धुऊन घ्या. पाहुणे दुपारी इकडेच यायचेत, वास यायला नको."

"बैल गेला आणि झोपा केला," तात्या त्यांच्या तोंडावर म्हणाले. महिन्याभरात तात्यांची बदली झाली.

आता मी फाटकाशी गंजत उभा आहे. माझ्या पोटावर हरणीचं चित्र काढून खाली 'पाणी म्हणजे जीवन' लिहिलं आहे. आत थेंब नाही! लोक मला टेकून फोटो काढतात आणि रिकाम्या बाटल्या माझ्याच झाकणातून आत टाकतात. मळमळतं मला, पण टँकरला ओकता कुठे येतं?

मित्रांनो, रान बघायला याल तेव्हा ती हिरवळ बघून 'किती छान' म्हणू नका. तिथल्या साहेबांना मोठ्याने विचारा, "हे पाणी कुणाच्या तोंडचं काढलंत?"