कुकरमधली संजीवनी

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत गुरुवारी रिक्षासुद्धा वळत नसे, इतकी हयवदनस्वामींच्या ओट्यासमोर झुंबड. ताटात वाळून मुठीसारखा आवळलेला, तपकिरी झुडपाचा गोळा. स्वामींनी मंत्र पुटपुटत त्यावर पाणी सोडलं. गोळा हलला. एकेक फांदी बोटासारखी उलगडली.

"संजीवनी उठली!" स्वामी गरजले. "मेलेलं झाड उठतं, तिथे तुमचा दमा काय चीज! पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. औषध माझ्या पायाशी टाका, आजार माझ्या डोक्यावर!"

आजार त्यांच्या डोक्यावर गेलेला कुणी पाहिला नव्हता. पायाशी औषधांचा ढीग मात्र वाढत होता.

सुचेता गर्दीत पुढेच उभी होती. कडेवर दम्याने सुकलेला तिचा लेक शंतनु, आणि त्याचा इन्हेलर सासूबाईंच्या कमरेला खोचलेला. शारदाबाई आज तो वाहणार होत्या.

"आई, डॉक्टरांनी बंद करू नका म्हटलंय."

"तो म्हणतो, वर्षानुवर्षं घ्या. हे म्हणतात, आज सोडा. तूच सांग, देव कोण?"

"स्वल्प सबूर करा, अक्का," आपला गोळा हातात घेऊन उभे असलेले शेजारचे व्यंकटेशअण्णा हसले. "सून पुण्याची आहे, पटायला वेळ लागणार."

रिवाज असा, की मागच्या गुरुवारी मिळालेला गोळा देवघरात ठेवायचा आणि आज घरच्यांनीच तो ताटात मांडायचा. उलगडला की औषध सुटलं. शारदाबाईंनी गोळा मांडला. पाणी पडलं. तो दिमाखात उलगडला.

"वा! चोख भक्ती! आणा ते औषध."

शारदाबाईंचा हात कमरेकडे गेला.

"स्वामीजी, झाड जिवंत झालं ना नक्की?" सुचेताने विचारलं.

"मीच प्राण फुंकले, बेटी."

"मग आता हिरवं होईल?"

"होणार म्हणजे होणारच!"

"नाही व्हायचं. मी परवा त्याला कुकरमध्ये सहा शिट्ट्या दिल्या. मग गच्चीवर वाळवलं, तर पुन्हा मूठ आवळून बसलं."

"देवघरातलं कुकरमध्ये?" शारदाबाई किंचाळल्या. "अगं, म्हणून सांबाराला मातीचा वास येत होता!"

गल्ली खदखदली. स्वामी "पाप! पाप!" ओरडू लागले, तेवढ्यात सुचेताने बाटली पुढे केली. "अण्णा, नळाचं पाणी आहे. तुमच्या गोळ्यावर ओता. मंत्र तुमच्या मनाचा."

व्यंकटेशअण्णांनी मोठ्याने टोमॅटोचे भाव म्हटले. गोळा उलगडला.

"पावसाळ्यात दार फुगतं, त्यात प्राण येतो का?" सुचेता म्हणाली. "झाडाच्या पेशींच्या भिंती पाणी पिऊन फुगतात. फांदीची एक बाजू जास्त फुगते, दुसरी कमी, म्हणून ती सरळ होते. पेशी मेल्या तरी भिंती उरतातच."

"मग जिवंत गोळा हिरवा होतो, ते?" अण्णांनी विचारलं.

"ते खरंच नवल आहे. त्याच्या पेशी वाळूनही मरत नाहीत, साखरेसारख्या पदार्थांनी स्वतःला सांभाळतात. पिकांना ते कसं शिकवता येईल, यावर संशोधक आजही डोकं खपवतायत. पण त्या पेशी झाडाच्या आहेत, आई. शंतनुच्या श्वासनळ्या झाड वाळल्याने वा उलगडल्याने मोकळ्या होत नाहीत."

शंतनुच्या छातीतली घरघर आता सगळ्यांना ऐकू येत होती. शारदाबाईंनी इन्हेलर काढला आणि सुनेच्या हातात ठेवला. "आधी हे दे त्याला. मला काय बोलायचं ते घरी बोल."

ढिगातून आपापली औषधं उचलायला लोक पुढे सरकले. स्वामी आत पळाले.

नवल दिसलं की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: हे मंत्राशिवाय होतं का? करून पाहा. आणि पाहून होईपर्यंत लेकराचं औषध कुणाच्याही पायाशी ठेवू नका.