रॉकेटचे कान

"एका वळीनं लाव बाई, हिरव्या रोपाची काडी,
वळ वाकडी गेली तर, हसंल पल्याडची वाडी…"

बाबांची आत्या, अंबूबाई, भातलावणीला वाकली की हे गायची. जागृती तेव्हा बांधावर चिखलाची भांडी करत बसलेली असायची. आत्याला जाऊन कितीतरी पावसाळे झाले. पण लॅपटॉपवर रॉकेटचं चित्र उघडलं की जागृतीला तो आवाज यायचा. कारण काम वळीचंच होतं, एका सरळ ओळीचं.

कर्जतच्या कॉलेजातल्या स्पर्धेसाठी ती हातभर उंचीचं पुठ्ठ्याचं रॉकेट करत होती. उडवताना जमिनीत एक सळई उभी रोवायची आणि रॉकेटच्या अंगाला चिकटवलेल्या दोन बारक्या नळ्या तिच्यात ओवायच्या. वेग येईपर्यंत सळई त्याला सरळ धरते, मग सोडून देते. पहिल्यांदा चित्र पाहून बाबा म्हणाले होते, "याला कान पण काढलेस होय गं?" तेव्हापासून त्या नळ्या घरात कानच झाल्या.

सकाळभर तिनं ते कान चित्रात वरखाली सरकवले. अखेर ठरलं. रॉकेट आडवं धरल्यावर जिथं बोटावर तोलून राहतं, तिथं एक. दुसरा शेपटीशी, पंखांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

चिकटवायचं काम बाबांचं. बाबा, म्हणजे पोपट, शिळफाट्याच्या पुढं एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या धडधडत्या प्रेसवर होते, हात दगडासारखा स्थिर. ओटीवर ते पुठ्ठा घासत बसले होते. रंग आणायला खालापूरला निघताना ती मागून म्हणाली, "बाबा, दोन्ही कान एकाच वळीत हां. खालीवर."

"हूं," बाबा म्हणाले.

हे 'हूं' तिला हल्ली टोचायचं. गेल्या आठवड्यात जेवताना तिनं धीर करून विचारलं होतं, पुढचं शिकायला त्रिवेंद्रमला, रॉकेटच्या कॉलेजात जाऊ का? तेव्हा तर 'हूं'सुद्धा आलं नव्हतं. भाकरी संपवून बाबा हात धुवायला उठले होते. बाबांचा नकार असाच असणार, न बोलता, असं धरून तिनं पुन्हा विषय काढला नाही. आणि तिथं मिळालेली जागा हवी की नको, हे उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

ती परतली तेव्हा रॉकेट ओटीवर उभं होतं. एक कान या अंगाला, दुसरा बरोबर समोरच्या अंगाला. तिची आई सुप्रिया दारात तोंडाला पदर लावून हसत होती. "कढई झाली गं जागे. भजी तळू का हिच्यात?"

जागृतीला हसू आलं नाही.

"बाबा, सळई या कानातनं गेली तर त्या कानात कशी जाणार? एका वळीत म्हटलं होतं ना मी!"

"तू कान म्हणालीस," पोपट गोंधळून म्हणाले. "कान दोन अंगालाच असत्यात."

"हसण्यावारी नेऊ नका. तुमी ऐकतच नाय माझं. त्रिवेंद्रमचं विचारलं तेव्हा पण नाय ऐकलंत. नाय पाठवायचं तर तोंडानं नाय म्हणा की!"

आईचं हसू थांबलं.

पोपटांनी एक कान नखानं हळूच सोडवायला घेतला. गोंद अजून ओला होता. नळी सुटली, ती त्यांनी तळहातावर ठेवली आणि बघत राहिले.

"कधी विचारलंस?"

"शुक्रवारी. जेवताना. तुमच्या शेजारीच तर बसले होते मी."

"कुठल्या अंगाला?"

"हे काय विचारणं झालं? नेहमीसारखी, डाव्या."

पोपट उठले, तिला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले, उजवा गाल तिच्याकडं करून.

"डाव्या अंगाला मला काय पण ऐकू येत नाय, जागू. प्रेसनं नेला तो कान. कंपनीत कळलं तर घरी बसवतील, म्हणून तुझ्या आईला पण बोललो नाय. आता सांग, काय विचारलं होतंस?"