बारा मिनिटं पुढे

मी ऑफिसातला कॉम्प्युटर बोलतोय. केळी बाहेरगावी पाठवणाऱ्या एका कंपनीचं इतवारा पेठेत छोटं ऑफिस आहे, तिथे खिडकीजवळ बसतो. आधी सहा वर्षं इंदूरच्या हेड ऑफिसात काढली. पंखा कुरकुरतो, दोन बटणं रुसतात, पण गडी अजून कामाचा आहे.

इथले मॅनेजर यादवराव. केळीचा ट्रक वेळेवर सुटावा म्हणून ते ऑफिसातलं प्रत्येक घड्याळ बारा मिनिटं पुढे ठेवतात. मी आलो त्याच दिवशी त्यांनी माझीही वेळ पुढे सारली आणि ती आपोआप जुळण्याची सोय बंद केली. "एका घरात दोन टाइम नको," म्हणाले. झालं काय, सगळे मनातल्या मनात बारा वजा करायला शिकले. ट्रक सुटायचा तेव्हाच सुटे. मी मात्र भोळा, मला पुढचीच वेळ खरी वाटे.

माझ्यावर काम करते ती चारुलता. एका शुक्रवारी दुपारी तिच्यापुढे रंभाबाई येऊन बसल्या. त्या शेडमध्ये केळी निवडतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कंपनी ऑपरेशन करून देणार होती, पण डॉक्टरांचा कागद ऑफिसच्या मेलवरूनच, त्या दिवशी चारच्या आत इंदूरला पोहोचायला हवा होता. कागद हातात पडला तोच दुपारी. पुढची यादी सहा महिन्यांनी. तोवर कच्ची-पिकली ओळखू न येणाऱ्या बाईला शेडमध्ये कोण ठेवणार?

चारुलताने कागद जोडला. मी सर्व्हरचं दार ठोठावलं. त्याने पासवर्ड मागितला. दिला. पुन्हा मागितला! जुना सर्व्हर काहीही चालवून घ्यायचा. हा त्याच दिवशी बसवलेला, भारी कडक.

चारुलताने तार काढून घातली, मला बंद करून चालू केलं, खातं पुसून नव्याने बसवलं. दार उघडेना.

"राहू दे, सोमवारी पाहू," यादवराव म्हणाले.

"सोमवारी यादी बंद झालेली असेल, साहेब. आज म्हणजे आजच."

तिने इंदूरला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोनालीला फोन लावला.

"मॅडम, टाइम बरोबर आहे ना? किती वाजले तुमच्याकडे?"

चारुलताने माझ्याकडे पाहिलं. तीन बेचाळीस. सवयीने बारा वजा केले. "साडेतीन."

"करेक्ट," मोनाली म्हणाली, आणि दोघी भलतीकडेच शोधत बसल्या.

रंभाबाई उठू लागल्या. "जाऊ दे माय, नशिबातच नाई."

"बसा तुम्ही!" चारुलता इतक्या जोरात म्हणाली की त्या मटकन बसल्या. "मोनाली, आता मी स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर वाचते. तू ऐक."

सर्व्हरचं नाव वाचलं. खात्याचं नाव वाचलं. "शेवटचा प्रयत्न, तीन छप्पन्न."

"रुका, रुका! आत्ता तर तीन चव्वेचाळीसच झालेत!"

चारुलताने कपाळावर हात मारला. नव्या सर्व्हरला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नव्हता. पासवर्ड खरा, कागद खरा, बाईची गरज खरी. खोटा एकटा मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घड्याळाला हात लावू नको!" यादवराव ओरडले. चारुलताने मानही वर न करता माझी वेळ दुरुस्त केली. दार उघडलं. तीन सत्तेचाळीसला मेल गेला आणि मोनालीने सांगितलं, "आला. नाव घेतलं यादीत."

सोमवारी यादवराव पुन्हा माझी वेळ पुढे सारायला वळले, तशी चारुलता आडवी आली. "भिंतीवरची घड्याळं तुमची, साहेब. हा नाही." यादवराव पुटपुटत ट्रककडे निघून गेले.

आता मी थकलोय. माझ्या जागी नवा येणार, असं ऐकतो. येऊ दे बापडा. माझं एकच मागणं आहे: त्याला धूळ चालेल, चहाचे डाग चालतील, पण खोटं काही शिकवू नका. तो विश्वास ठेवतो हो.

काल रंभाबाई आल्या होत्या. वीज गेलेली, मी मिटून बसलेलो. त्यांनी काळा चष्मा काढला आणि चारुलताकडे बघतच राहिल्या.

"अव माय! तुझे तं केस पिकले ना वं! मले वाटे, तू अजून पोरगीच हायेस."

चारुलताने माझ्या काळ्या काचेत वाकून आपले केस पाहिले आणि डोळे पुसत खळखळून हसली.