बॉबिनची डबी

तो माणूस खोटा होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आंधळा म्हणे! काठी न आपटता आत आला, सरळ टेबलापर्यंत गेला आणि वर मला म्हणतो, “दारापाशी बसलेल्या ताई, उन्हात बसलात. आत सरका.” माझं डोकंच सणकलं. ऊन माझ्या पाठीला लागत होतं, ते याला कसं कळलं?

माझी दृष्टी जाऊन अकरा महिने झाले होते. मामीने मला अंधांच्या या केंद्रात नुसतं बघायला आणलं होतं. ती बाहेर बाकावर फॉर्म घेऊन बसली होती. सही केली तर सहा महिने इथे राहून शिकायचं, नाहीतर पुन्हा घरी, पलंगावर. घरी ती मला स्वतःचं ताटसुद्धा उचलू देत नसे. मायेनेच, पण त्या मायेने माझा जीव गुदमरत होता.

तरी इथे राहायचं तर भरवसा कोणावर ठेवायचा? तीन डॉक्टरांनी ‘सगळं ठीक होईल’ म्हणून मला झुलवलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. केंद्र चालवणाऱ्या बाईंचा आवाज साखरेत घोळलेला, त्यात आम्हा आठ पोरापोरींना ‘आनंदाने जगायचं कसं’ हे सांगायला हा शिलाई मशीन दुरुस्त करणारा आणलेला. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटत होतं. हा डोळस निघाला तर मी घरी जाणार, हे मी मनाशी पक्कं केलं.

त्याने बोलत बोलत मशीन उघडलं. “प्रत्येक भाग काढला की डावीकडून उजवीकडे फडक्यावर मांडायचा,” तो म्हणाला. “या, हात लावून बघा. जागा मात्र कोणाची हलवू नका.”

माझी पाळी आली. सुई, तिच्याखालची पट्टी आणि तिसरी बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, सुपारीएवढी. ती मी मुठीत घेतली आणि एकसारखी गुणगुणणाऱ्या मुलीशेजारी माझ्या खुर्चीवर येऊन बसले. डोळस असेल तर लगेच बोलेल, नाहीतर गडबडून आवाज तरी बदलेल.

तो बोलतच राहिला. पहिल्या वर्षी तो रोज रडायचा, बायकोवर भांडी फेकायचा, हे त्याने हसत सांगितलं. मग मशीन जुळवायला लागला. एका जागी त्याचा हात थांबला. फडक्यावर बोटं फिरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा.

“डबी नाही,” तो म्हणाला.

म्हणजे माणूस खरा होता.

“सारखी गुणगुणत असते ना, तिचंच काम असणार,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली साखर केव्हाच संपली होती. माझ्या शेजारची मुलगी गुणगुणायची थांबली आणि मुसमुसायला लागली.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी उठले. “मी घेतली, काका. तुम्हाला दिसतं का ते बघायचं होतं. मी उन्हात बसलेय, हे तुम्हाला कसं कळलं?”

“ती डुगडुगणारी खुर्ची नेहमी दारातच असते, ती वाजली आणि तुझ्या बांगड्याही. चारच्या सुमाराला तिथे बसणारा भाजून निघतो.” तो जराही रागावला नव्हता, याचाच मला राग आला. डबी द्यायला मी हात पुढे केला.

“माझ्याकडे नको. उचललीस तिथे ठेव.”

मी टेबलाशी गेले. सुई आणि पट्टी मशीनमध्ये परत गेली होती. मी फडक्याची डावी कड शोधली, तिथून दोन जागा सोडल्या आणि डबी ठेवली. त्याच्या बोटांना ती पहिल्या झटक्यात सापडली.

“चोरी करायला डोळे लागले नाहीत तुला,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “आणि घरी म्हणे स्वतःचं ताटही उचलता येत नाही. मामी बाहेर सांगत होती.”

माझा चेहरा तापला. लाजेने तापला, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला मोठ्याने हसूही आलं. मी भिंतीच्या कडेने बाहेर बाकापाशी गेले.

“झालं का? निघू या?” मामी म्हणाली. “हात दे इकडे.”

“हात नको. फॉर्म दे,” मी म्हटलं. “आणि सही कुठे करायची, तिथे माझं बोट टेकव.”